खोटं नाव सांगणारा संगणक

ऑफिसात तिला सगळे फौजदारबाई म्हणत. घरीही म्हणत, फक्त जरा आवाज खाली घेऊन. समोर माणूस येवो, मांजर येवो की यंत्र, तिचे सवाल ठरलेले असायचे: कोण? कुठून? कशासाठी? दारावर पार्सल घेऊन येणाऱ्याची ती इतकी उलटतपासणी घ्यायची, की तो बिचारा स्वतःचं ओळखपत्र खिशातून काढून एकदा वाचून बघायचा. नवऱ्याच्या मित्रांनी तर घरी येणंच कमी केलं होतं. यात आपलं काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर चुकतही नव्हतं. विचारल्याशिवाय कळतं कसं?

पोटापाण्याचा उद्योगही स्वभावाला शोभेल असाच मिळाला होता. ती प्रोग्रामर. तिच्या कंपनीचे प्रोग्राम शाळांत, दवाखान्यांत, गोदामांत, कुठल्या कुठल्या परक्या संगणकांवर जाऊन बसत. परका संगणक म्हणजे परकं घर. आत कुठली ऑपरेटिंग सिस्टिम नांदते आहे, ती नवी आहे की आजोबांच्या वयाची, हे बाहेरून कळत नाही. आत शिरल्या शिरल्या प्रोग्रामलाच ते विचारून घ्यावं लागतं. विचारण्याची रीत ठरलेली असते. सवाल टाकला की सिस्टिम आपलं नाव सांगते, आवृत्तीचा आकडा सांगते, आणि मग इथे कसं वागायचं ते प्रोग्राम ठरवतो.

कंपनीच्या प्रत्येक प्रोग्रामचा हा पहिला तुकडा फौजदारबाईच लिहीत. बाकीची मंडळी रंगीत बटणं सजवण्यात रमलेली असत आणि ही बाई दारातल्या सवालजवाबावर दिवसच्या दिवस घालवत असे. "अगं, येऊन जाऊन नाव तर विचारायचंय," असं कुणी म्हटलं की उसळायची. "नावच चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. पाहुण्याला मधुमेह आहे का ते न विचारता तुम्ही गोड चहा पाजणार, आणि मग डॉक्टरला फोन कुणी करायचा? मीच ना!" यावर सगळे आपापल्या बटणांकडे वळत. बोललं तर आणखी दहा प्रश्न अंगावर येतात हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

या फौजदारबाईंना आयुष्यात एकच माणूस पुरून उरला होता, ते म्हणजे त्यांचे सासरे.

सासरे नोकरीला होते वीज कंपनीत, मीटर दुरुस्तीच्या खात्यात. पण लोक त्यांना ओळखत ते मैदानावरचा आवाज म्हणून. रविवारी फुटबॉलचा सामना असला की प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या लाकडी खोलीत माइक घेऊन बसत ते शेवटच्या शिट्टीपर्यंत हलत नसत. खेळ कितीही रटाळ असला तरी त्यांचं समालोचन ऐकायला लोक थांबत. गोलकीपरला ते ‘मांजर’ म्हणत, उंच बचावपटूला ‘शिडी’. अशी त्यांनी ठेवलेली नावं खेळाडूंना जन्माची चिकटली. चेंडू जाळीत गेला की साधं ‘गोल’ म्हणणं त्यांना जमतच नसे. "गेला, गेला, गेला... घरी पोचला!" असं ते म्हणत, आणि सगळं मैदान त्यांच्याबरोबर बोंबलायचं.

मग घशाचं दुखणं आलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. सासऱ्यांनी एक पाटी आणि खडू जवळ केला. पाटीवरही त्यांची जीभ तिखटच राहिली. "बाबा, गोळी घेतलीत? कुठली घेतली? जेवणाआधी की नंतर?" असं सुनेने सुरू केलं की ते पाटीवर लिहून दाखवत, ‘आधी माझा वकील बोलवा.’ घरात हसू व्हायचं. पण रविवार आला की ते दुपारीच खिडक्या लावून घेत, कारण मैदानावरच्या कर्ण्यांचा आवाज घरापर्यंत यायचा आणि तो आता दुसऱ्याच कुणाचा होता. ती बंद खिडकी तिला बघवत नसे. सासऱ्यांवर तिचा जीव होता, आणि जीव असला की ही बाई गप्प बसणाऱ्यातली नव्हतीच.

ती त्या गेलेल्या आवाजाच्या हात धुऊन मागे लागली. मैदानावरचे कर्णे बघणारे काका सासऱ्यांचे जुने दोस्त. ते हौसेने सामने टेप करून ठेवत. त्यांच्याकडून तिने पिशवीभर कॅसेटी उचलून आणल्या आणि कामाला लागली. कॅसेटींतला गोंगाट गाळायचा, शिट्ट्या गाळायच्या, मधेच येणारं काकांचं खोकणं गाळायचं आणि उरलेला सासऱ्यांचा आवाज कणाकणाने प्रोग्रामला शिकवायचा. डबा खाताना ती हेडफोन लावून बसायची, भाजी चिरताना बसायची. नाकी नऊ आले, पण जमलं. आता कीबोर्डवर कुठलंही वाक्य टाइप केलं की ते सासऱ्यांच्या आवाजात यायचं. चेंडूच्या वेगाने कुणाला टाइप करता येत नाही, म्हणून त्यांची नेहमीची वाक्यं तिने एकेका बटणावर बसवून दिली. मांजरासाठी एक बटण, शिडीसाठी एक, आणि ‘घरी पोचला’साठी सगळ्यांत मोठं.

अडचण एकच होती. हा आवाज घडवणारा भाग नव्या सिस्टिमवरच चालायचा. जुनीवर तो अर्ध्या वाक्यात अडकायचा आणि जाता जाता सगळा संगणक गोठवून जायचा. म्हणून फौजदारबाईंनी स्वभावाप्रमाणे दारात चौकी बसवली. सुरू होताच प्रोग्रामने सिस्टिमला आवृत्ती विचारायची. नवी असेल तर सासऱ्यांचा आवाज. जुनी असेल तर धोका पत्करायचा नाही, सिस्टिमबरोबर फुकट येणारा तो ठोकळ आवाज लावायचा, जो प्रत्येक वाक्य स्टँडवर बसची घोषणा केल्यासारखं म्हणतो. भर सामन्यात सगळंच बंद पडण्यापेक्षा ते बरं. विचार शहाणपणाचाच होता.

सगळं तयार झाल्यावर तिने सासऱ्यांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि एक बटण दाबलं. सासरे ऐकत राहिले. मग त्यांनी हेडफोन हळूच काढून टेबलावर ठेवला, गॅलरीत गेले आणि सकाळीच पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालू लागले. फौजदारबाईंचा जीव टांगणीला लागला. बऱ्याच वेळाने ते आत आले ते पाटी लिहूनच. ‘रविवारी फायनल आहे. मी बोलतो.’

"मला तरी ऐकवा की!" सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी मान हलवली आणि लिहिलं, ‘आधी मैदानावर. मग घरी.’ नवरदेवासारखा थाट! सासूबाईंनी नाक मुरडलं, पण त्या दिवशी त्यांनी कपाटातून नवऱ्याची मैदानावरची टोपी काढून ब्रश केली. सासरे मात्र आणखी एक ओळ लिहून सुनेपुढे उभे राहिले. ‘आवाज माझाच हवा. दुसरा कुठला निघाला तर उठून येईन, आणि परत त्या खोलीच्या पायऱ्या चढणार नाही.’ ते बोलल्याप्रमाणे करणारे होते. ती "हो बाबा" म्हणाली.

घरचा संगणक म्हणजे टेबलाखालचा जडशीळ खोका. मैदानावरच्या खोलीत क्लबने नवा कोरा संगणक आणून ठेवला होता, घरच्यापेक्षाही नवा. मग खोका वाहायचा कशाला? तिने प्रोग्राम एका पेनड्राइव्हवर बांधून घेतला, आदल्या दिवशी जाऊन तिथे उतरवला, उघडून बघितला. बटणं चालत होती, अक्षरं उमटत होती. आवाज तेवढा ऐकता आला नाही, कारण काकांनी कर्ण्यांच्या वायरी अजून जोडल्या नव्हत्या. पण एवढा नवा संगणक, त्यात काय ऐकायचं? ती समाधानाने घरी आली. सगळ्या जगाची उलटतपासणी घेणारी बाई नेमकी तिथे विचारायची राहिली.

रविवारी मैदान फुलून गेलं होतं. पिवळे विरुद्ध निळे. गेटवरच बातमी फुटली होती की सासरे परत बोलणार आहेत, त्यामुळे ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही तेही येऊन बसले होते. फौजदारबाईंचा नवरा खाली लाइनमनचा झेंडा घेऊन उभा होता, म्हणजे त्याची काही मदत होणार नव्हती. वर लाकडी खोलीत सासरे टोपी घालून कीबोर्डपुढे, त्यांच्यामागे सासूबाई चहाचा थर्मास आणि पिशवी घेऊन, कोपऱ्यात कर्णेवाले काका आपल्या बटणांच्या पेटीवर, आणि सासऱ्यांच्या खांद्याशी फौजदारबाई. खोली इतकी छोटी की कुणी वळलं तर दुसऱ्याला कोपर लागायचं.

रेफ्रीने शिट्टी फुंकली. सासऱ्यांनी बोटं मोडली, खुर्ची पुढे ओढली आणि पहिलं बटण दाबलं.

"न-म-स्का-र. आ-ज-चा अं-ति-म सा-म-ना."

कर्ण्यांतून तो ठोकळा बोलला. बसस्टँडवाला. आवाजात ना चढ ना उतार, ना कुणी माणूस. खालून हशा उठला. लोक वाईट नव्हते, पण हसू येण्यासारखंच होतं. सासऱ्यांना वाटलं बटण चुकलं असेल. त्यांनी दुसरं दाबलं. "मां-ज-र त-या-र आ-हे." आता तर लोक पोट धरून हसायला लागले. "आजोबा, फलाट कुठला?" असं कुणीतरी ओरडलं.

सासऱ्यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. त्यांनी रागावून बघितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण ते बघतच नव्हते, ना तिच्याकडे ना मैदानाकडे. फौजदारबाईंच्या पायाखालची जमीन सरकली.

"कर्ण्याचा दोष नाही हां," काका घाईने म्हणाले. "वायरी मी स्वतः बघितल्यात."

"माहितीये. दोष माझ्याकडेच आहे," ती म्हणाली आणि स्टूल ओढून संगणकापुढे घुसली. सिस्टिमने प्रोग्रामला काय उत्तर दिलं ते दाखवणारी एक छोटी खिडकी तिने स्वतःपुरती ठेवली होती. ती उघडली. आवृत्तीचा आकडा बघून तिने डोळे चोळले. जुना! प्रोग्रामला सांगितलं गेलं होतं की ही सिस्टिम जुनी आहे, केव्हाच पेन्शनीत निघालेली. म्हणून तर चौकीने ठोकळ्याला पुढे केलं होतं.

मग तिने संगणकाच्या माहितीचं पान उघडून बघितलं. तिथे आकडा नवा. चकचकीत, यंदाचा. तोच संगणक माणसाला एक सांगत होता आणि प्रोग्रामला भलतंच.

"खोटं बोलतोय!" ती एवढ्या जोरात ओरडली की सासूबाईंच्या हातातला थर्मास हिंदकळला. "चक्क खोटं नाव सांगतोय हा!"

"कोण गं? काका?" सासूबाईंनी विचारलं.

"काका नाही हो आई, हा संगणक!"

भीती होती ती कुठल्या कुठे गेली आणि अंगात वारं भरलं. खोटं बोलणारा साक्षीदार सापडला की फौजदाराला जे होत असेल ते तिला झालं. पण घरी तर हाच प्रोग्राम खरं उत्तर आणत होता. मग इथे का नाही? घरी आणि इथे फरक काय? खाली निळ्यांनी हल्ला चढवला होता, लोक उभे राहत होते, आणि ही बाई डोळे मिटून स्वतःचीच उलटतपासणी घेत बसली होती. घरी प्रोग्राम कसा चालायचा? ती ज्या साधनात प्रोग्राम लिहायची, त्या साधनाच्या आतून. आणि इथे? इथे तो बांधून आणलेला, सुटा, एकटा.

आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

तिला आठवलं ते असं. पूर्वी भित्रे प्रोग्राम असत. सिस्टिमने नवा आकडा सांगितला की ते घाबरून ‘मी तुम्हाला ओळखत नाही’ म्हणत आणि दार लावून घेत, खरं तर सगळं सुरळीत चाललं असतं तरी. मग सिस्टिम बनवणाऱ्यांनी एक भला विचार केला. अनोळखी प्रोग्राम आला की त्याला खरं नाव सांगायचंच नाही. त्याच्या ओळखीचं जुनं नाव सांगायचं, म्हणजे तो बिचकणार नाही. खरं नाव कुणाला? तर जो प्रोग्राम सोबत एक छोटी फाईल आणेल आणि तीत लिहील, की मी या सिस्टिमला ओळखतो. घरच्या साधनाकडे अशी फाईल होती. त्याच्या बोटाला धरून गेल्यामुळे तिच्या प्रोग्रामला घरी खरं उत्तर मिळायचं. इथे तो परका म्हणून एकटाच गेला आणि सिस्टिमने त्याला लहान मुलासारखं समजावून परत पाठवलं.

जन्मभर दुसऱ्याला ‘तू कोण’ विचारत आलेल्या बाईने आपल्या प्रोग्रामला ‘मी कोण’ एवढं सांगायला शिकवलं नव्हतं. तिला स्वतःचा असा राग आला आणि त्याच वेळी असं हसू आलं, की काका तिच्याकडे काळजीने बघायला लागले.

या शोधाशोधीत पहिला हाफ कधी सरला ते तिला कळलंच नाही, आणि मध्यंतराची शिट्टी झाली. सासरे उठले. टोपी नीट केली, पाटी काखेत मारली आणि दाराकडे वळले. फौजदारबाई त्यांच्याआधी दारात पोचली आणि आडवे हात लावून उभी राहिली.

"बाबा, मध्यंतर संपेपर्यंत थांबा."

त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘कशाला?’

"कारण चोर सापडलाय. आता फक्त कबुलीजबाब घ्यायचाय." तिचे डोळे चमकत होते. "तुमचा आवाज आतच आहे बाबा. इथे या खोक्यात आहे. मीच त्याला दाराबाहेर उभा करून ठेवलाय. मध्यंतरात नाही आणला तर मी स्वतः तुम्हाला घरी नेते आणि पुन्हा या विषयाचं नाव काढत नाही."

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. मग टोपी न काढता खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले, केव्हाही उठून जायच्या तयारीत.

ती छोटी फाईल म्हणजे नुसता मजकूर. साध्या नोंदी करायच्या खिडकीत टाइप करून प्रोग्रामच्या शेजारी ठेवली की झालं. पण तीत सिस्टिमचा ओळख क्रमांक लिहावा लागतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची लांबलचक मालगाडी, आणि तो काही कुणाला पाठ नसतो. खोलीतल्या संगणकाला इंटरनेट नव्हतं. फौजदारबाईंनी स्वतःच्या मोबाइलवर तो शोधला आणि मोबाइल सासूबाईंच्या हातात दिला.

"आई, तुम्ही वाचा, मी टाइप करते. एकेक अक्षर. घाई नाही, पण जरा लवकर."

सासूबाईंनी चष्मा लावला, मोबाइल हातभर लांब धरला आणि शाळेत कविता म्हणावी तशा खणखणीत आवाजात सुरू झाल्या. "आठ! ई! शून्य! एफ! सात!" खाली कुणीतरी ढोल बडवत होतं, लोक शेंगदाण्यांच्या पुड्या फोडत होते, आणि वर ही मालगाडी एकेक डबा करत फलाटावर लागत होती. काका दर डब्याला मान डोलवत होते, कळत काही नव्हतं तरी. शेवटचं अक्षर आलं. तिने फाईल जपून ठेवली, प्रोग्राम बंद केला, पुन्हा उघडला, आणि आपली छोटी खिडकी बघितली.

जुनाच आकडा.

"आई, कुठेतरी वाचायला चुकलात!"

"मी?" सासूबाई ताडकन म्हणाल्या. "मी बरोबर वाचलंय. तूच चुकली असशील टाइप करायला."

"परत वाचा."

परत वाचलं. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. ना वाचणारी चुकली होती, ना टाइप करणारी. खाली खेळाडू बोगद्यातून बाहेर यायला लागले. सासरे खुर्चीच्या कडेवरून उठले. काकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली. मग का? फाईल शेजारीच आहे, क्रमांक बरोबर आहे, तरी हा बेटा मघाचंच उत्तर का देतोय?

मघाचंच! सिस्टिमने या प्रोग्रामला मघाशी एकदा बघितलं होतं, याच्याकडे फाईल नाही हे मनात टिपून ठेवलं होतं, आणि आता पुन्हा बघायचे कष्टच घेत नव्हती. एकदा मत बनलं की बनलं. अशी माणसंही असतात, त्यात संगणकाला काय नावं ठेवायची. तिने नवं फोल्डर केलं, प्रोग्रामची नवी प्रत त्यात टाकली, फाईल शेजारी ठेवली. जणू हा कुणी दुसराच पाहुणा, पहिल्यांदाच दारात आलेला. तिने तो उघडला.

खिडकीत आकडा उमटला. नवा. खरा. यंदाचा.

"सांगितलं!" ती स्टुलावरून उडालीच. "सांगितलं खरं नाव! आई, माफ करा, तुम्ही बरोबर वाचलं होतं. बाबा, बसा! बसा, बसा, बसा!"

"तेच म्हणत होते मी," सासूबाई म्हणाल्या.

सासरे बसले. दुसऱ्या हाफची शिट्टी झाली. त्यांचं बोट बटणावर येऊन थांबलं. एकदा हसं झालेला माणूस दुसऱ्यांदा तोंड उघडताना किती धीर लागतो, ते त्या बोटाकडे बघून कळत होतं. फौजदारबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एकही प्रश्न विचारला नाही. सासऱ्यांनी बटण दाबलं.

"नमस्कार मंडळी! काय, जीव आहे ना अजून?"

तो आवाज! जाडाभरडा, मधेच किंचित फाटणारा, वाक्याच्या शेवटी वर उडी मारणारा. कर्ण्यांतून निघून तो मैदानभर पसरला. काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. खाली लाइनमन नवरा झेंडा खाली टाकून वर खोलीकडे बघत राहिला, आणि त्याच्या नाकासमोरून चेंडू रेषेबाहेर गेला तरी त्याला पत्ता नव्हता. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की खोलीची लाकडी जमीन पायाखाली थरथरली. रेफ्रीसुद्धा टाळ्या वाजवत होता. खेळ पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला, आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

पुढे काय विचारता! सासऱ्यांची बोटं बटणांवर नाचत होती. मांजराने झेप घेतली, शिडी डोक्याने चेंडू काढत राहिली, आणि जे बटणांवर नव्हतं ते सासरे टाइप करून मागाहून म्हणत, तेव्हा चेंडू पार दुसऱ्या टोकाला गेलेला असायचा आणि लोक आणखीनच हसायचे. हे हसणं मघाचं नव्हतं. शेवटी शेवटी पिवळ्यांच्या सात नंबरने दोघांना चकवून चेंडू मारला, आणि सासऱ्यांनी त्या मोठ्या बटणावर अख्खा तळवा आपटला. "गेला, गेला, गेला..." आणि सगळं मैदान एका आवाजात बोंबललं, "घरी पोचला!" फौजदारबाई इतक्या बेभान होऊन ओरडल्या की त्यांचाच घसा बसला. पिवळे जिंकले की निळे, हे त्यांना कुणी नंतर विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सामना संपला. खाली बक्षीस द्यायची गडबड चालली होती. सासरे थकून मागे रेलले होते, टोपी मानेवर घसरली होती, चेहरा मात्र उजळून निघाला होता. काका दोस्ताचा हात धरून नुसतेच बसले होते. सासूबाई पाठमोऱ्या होऊन आवराआवर करत होत्या, चष्मा त्याच्या डबीत, मोबाइल सुनेला, उरलेले कप पिशवीत.

सासरे पुढे झुकले आणि एका बोटाने सावकाश काहीतरी टाइप करू लागले. हे कुठल्या बटणावर नव्हतं, आणि कुठल्या कॅसेटमध्येही नव्हतं.

"अगं, ऐकलंस का? चल घरी. भूक लागली."

"आले हो! जरा दम धरा की," सासूबाई थर्मासचं झाकण फिरवता फिरवता म्हणाल्या, जन्मभर म्हणत आल्या तशाच, मागे वळूनही न बघता.

आणि मग त्यांचा हात झाकणावरच थांबला.

खाली सगळं मैदान हसलं, कारण कर्णे चालूच राहिले होते. काका बटण बंद करायला धावले, तर फौजदारबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. सासूबाई हळूहळू वळल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी पुन्हा टाइप केलं. या वेळी फक्त "अगं" एवढंच, आणि ते सगळ्या मैदानाने ऐकलं.